नानांचा पहिला पाठ

नानांना मी पहिल्यांदा भेटले ती त्यांची सून होण्यासाठी, आणि त्यांनी मला पहिली वस्तू दिली ती माझाच बायोडेटा. आम्ही तो अमरावतीहून टपालानं पाठवला होता. नारायण पेठेतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पोहे खाऊन झाले, तसा त्यांनी टेबलाच्या खणातून तो काढून माझ्यापुढे ठेवला. कागदावर पेन्सिलीच्या सात खुणा होत्या. "वेलांट्या पाहून घ्या," ते म्हणाले. "मुलगी आम्हांला पसंत आहे. कागद नाही." माझ्या वडिलांचा चेहरा पडला. मला मात्र हसू आलं, आणि त्या हसण्यावरच लग्न ठरलं असं मंदार, म्हणजे माझा नवरा, अजून सांगतो.

नाना मुद्रितशोधक होते. पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात उभा जन्म त्यांनी छपाईआधीची प्रुफं तपासण्यात घालवला. निवृत्त झाले, पण पेन्सिल सदऱ्याच्या खिशात राहिली. दुधाच्या पिशवीवरचा मजकूर, लिफ्टमधली सूचना, गणपती मंडळाची पावती, काही सुटत नसे. लग्नपत्रिका आली की आधी चष्मा, मग पेन्सिल, मग आनंद. एकदा मी विचारलं, "नाना, जायचं ना लग्नाला?" तर म्हणाले, "जाऊ की. पण पत्रिकेत आशीर्वाद चुकलाय, म्हणजे जेवणही बेताचंच असणार." जेवण खरंच बेताचं होतं, आणि परत येताना रिक्षात ते खुशीत होते.

माझी वऱ्हाडी त्यांनी पहिल्या वर्षातच धुऊन काढली. स्वयंपाकघरातून मी "भाजी चिरून राहिले" असं म्हटलं की बाहेरच्या खोलीतून, पेपरमधून मान वर न करता आवाज यायचा, "चिरते आहे." मला राग आला की मात्र माझी भाषा थेट अमरावतीला जाऊन बसायची, आणि तेव्हा ते गप्प राहायचे. "भांडणात व्याकरण पाहू नये," असं ते म्हणत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवऱ्यापेक्षा माझं सासऱ्यांशी जास्त बोलणं व्हायचं, कारण मंदार कंपनीतून यायचा तोच अर्धा झोपलेला. मला नाना आवडायचे, हे आधीच सांगून ठेवते.

लग्नानंतर चौथ्या वर्षी जुई झाली. ती दीड वर्षाची असताना कळलं की तिला ऐकू येत नाही. कानाच्या आतली नसच नाही, यंत्र बसवूनही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मंदार दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला. माझ्या आईनं फोनवर दोन नवस आणि एक वैदू सुचवला. मी घरी येऊन ओट्यापाशी नुसती उभी होते, तेव्हा नाना आत आले. ते सहसा स्वयंपाकघरात येत नसत. म्हणाले, "ऐकू येत नाही, एवढंच ना? मग तिची जी भाषा असेल ती आपण शिकू. पुण्यात माणसं जर्मन शिकतात, जपानी शिकतात. पुस्तकं मिळतात, कोर्स मिळतात. घरी बसून शिकता येतं. ह्यात रडण्यासारखं काय आहे?" त्या दिवशी त्या घरात ताठ उभा असलेला तो एकच माणूस होता. पुढचं लिहिताना मी हे विसरलेली नाही, वाचताना तुम्हीही विसरू नका.

दुसऱ्याच दिवशी ते छत्री घेऊन बाहेर पडले आणि दुपारी उन्हातून एक पुस्तक घेऊन आले. खुणांच्या भाषेचं, चित्रांचं, घरच्या घरी शिकण्यासाठी म्हणून छापलेलं. मी डाळ टाकेपर्यंत त्यांनी ते चौथ्या पानापर्यंत वाचलं आणि पेन्सिल काढली. एका चित्रात हात कुठून कुठे न्यायचा ते दाखवणारा बाण उलटा छापला होता. "हे बघ," ते मला म्हणाले. "पहिल्या सोळा पानांच्या फॉर्मातच ही अवस्था. ह्यावरून शिकलो तर पोरीशी उलटं बोलू आपण." पुस्तक कपाटावर गेलं. तो पहिला कोर्स.

दुसरा दिल्लीहून सीडींवर आला. तिसरा मोबाइलवरचा निघाला, तो अमेरिकेतला. त्यात मुळाक्षरं एका हातानं दाखवत होते, आणि आपल्याकडे दोन हात लागतात हे नानांनी तोवर शोधून काढलं होतं. चौथा म्हणजे मुंबईच्या कुणी छापलेल्या रंगीत फोटोंची फाइल. मग नानांनी एक लांबलचक वही आणली आणि तक्ता आखला. डाव्या बाजूला शब्द, पुढे चार रकाने, चार कोर्सांचे. 'आई' हा शब्द चार ठिकाणी तीन तऱ्हांनी निघाला. कुठे नाकातल्या चमकीपाशी बोट, कुठे कपाळाला, कुठे आणखी काही. नाना अस्वस्थ झाले, अगदी जेवणावरून उठेपर्यंत अस्वस्थ झाले. "ह्यात प्रमाण कोणतं?" ते विचारायचे. मला विचारायचे, मंदारला विचारायचे, गॅस सिलिंडर आणणाऱ्या माणसालासुद्धा एकदा विचारलं.

मी म्हणायचे, "नाना, कोणतीही एक घ्या ना. जुईलाही तीच दाखवू. ती कुठे तक्ता पाहायला येतेय?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "चुकीचं एकदा हाताला बसलं की मोडायला दुप्पट वेळ जातो. आधी तपासू, मग शिकू." हे वाक्य मी पुढची बारा वर्षं ऐकलं. पहिली दोन वर्षं मला ते पटायचंही. इतकी वर्षं ज्यानं लाखो पोरांच्या पुस्तकांतल्या चुका टाळल्या, तो आपल्या नातीच्या बाबतीत ढिलाई कशी करेल, असं मला वाटायचं.

त्यांनी चारही ठिकाणी पत्रं लिहिली, हातानं, तारीख घालून. एकाच ठिकाणाहून उत्तर आलं. भागाभागांत खुणा थोड्या वेगळ्या असतात, आपण आपल्या शहरातल्या कर्णबधिर लोकांमध्ये मिसळावं, आपोआप येईल, अशा अर्थाचं. नानांनी ते तीनदा वाचलं, त्यातल्या दोन चुकांना खुणा केल्या आणि फाइल केलं. "आपोआप येईल म्हणे," ते म्हणाले. "आपोआप फक्त सर्दी येते."

मी त्यांना एका रविवारच्या वर्गाला पाठवलं. तिथे शिकवणारा तरुण स्वतः बहिरा होता. नानांनी फळ्यावर प्रश्न लिहिला, की तुम्ही शिकवता त्या खुणांना आधार काय. तो पोरगा हसला आणि खाली त्यानं लिहिलं, 'मला माझ्या मित्रांनी शिकवलं.' नाना बारा वाजता यायचे ते साडेअकरालाच घरी आले. चपला काढता काढता म्हणाले, "मित्रांनी शिकवलं. असं उत्तर आम्ही दिलं असतं तर मास्तरांनी वर्गाबाहेर काढलं असतं." तो वर्ग पुन्हा नाही. तक्त्यात पाचवा रकाना मात्र वाढला.

मी कशी शिकले ते सांगते. जुई चार वर्षांची झाल्यावर आम्ही तिला शहरातल्याच एका शाळेत घातलं. मी ज्या लॅबमध्ये रिपोर्ट देण्याच्या काउंटरवर बसते, तिथून दुपारी अर्धा तास सुटून तिला घ्यायला जायचे. फाटकापाशी शोभाताई भेटायच्या. त्या मंडईत लिंबं, आलं, मिरच्या घेऊन बसतात. त्यांचा सागर जुईच्याच वर्गात होता. शोभाताई आणि सागर असे बोलायचे की बघत राहावं. हात, भुवया, खांदे, कधी नुसती हनुवटी. मी विचारलं, "कोणत्या कोर्सवरून शिकलात?" त्या हसल्या. "आवं ताई, कसला कोर्स? त्यो करतोय ते मी करती. मी करती ते त्यो करतोय. त्याला कळलं, मला कळलं, झालं की."

मग मी शनिवारी भाजीच्या निमित्तानं मंडईत जायला लागले आणि शोभाताईंच्या पोत्यावर बसायला लागले. वर्षभरात मी जुईशी बोलू लागले. मोडकंतोडकं, पण बोलू लागले. तिनं मला पहिल्यांदा सांगितलेली लांबलचक गोष्ट म्हणजे वर्गातल्या एका मुलीनं तिचा खोडरबर चावला, तो कसा चावला, मग थुंकला कसा, मग बाईंनी काय केलं. मी पदरानं डोळे पुसत ऐकत होते. नाना दारात उभे राहून पाहत होते. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "रूपाली, तू जे करतेस त्यातलं निम्मं कुठल्याच कोर्सात नाही. मंडईची भाषा आहे ही." मी म्हटलं, "असू द्या. पोरगी मंडईची भाषा बोलते, पण बोलते." ते म्हणाले, "मी तिला नीट शिकवीन. थोडा वेळ लागेल एवढंच."

त्यांचा जीव होता तिच्यावर, ह्यात काही खोट नाही. डाळिंबाचे दाणे सोलून वाटीत ठेवायचे, तिच्या वह्यांना कव्हर घालायचे, ती झोपली की पंखा एकवर करायचे. जुई त्यांच्या टेबलापाशी जाऊन तासन्‌तास बसायची, कारण त्या टेबलावर हातांची चित्रं असलेली पुस्तकंच पुस्तकं होती. तिच्या दृष्टीनं ह्या घरातला हातांचा खरा जाणकार तोच माणूस असावा. आजोबा एवढं वाचतात, म्हणजे एक दिवस बोलतील, असं ती धरून चालली होती. माझ्यापेक्षाही तिला त्यांची वाट होती.

ती सात वर्षांची असताना एके दिवशी मी लॅबमधून घरी आले, तर नाना कधी नव्हे ते जेवणाची ताटं मांडत होते. जेवताना म्हणाले, "आज आमचा पहिला पाठ झाला." मंदारनं घास थांबवला. मला तर काय आनंद झाला ते विचारू नका. नाना सांगू लागले. शाळेतून आल्यावर जुई आपणहून त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली आणि काहीतरी सांगायला लागली. त्यांनी लगेच वही उघडली. पहिलीच खूण शाळेची होती, एवढं त्यांनी ओळखलं, पण ती चुकीची होती. त्यांनी तिचं मनगट धरून हात नीट केला. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच चुकलं, त्यांनी पुन्हा नीट केला. तिसऱ्यांदाही तसंच. "मग मात्र पोरगी शहाण्यासारखी बसली," नाना म्हणाले. "खाली जमिनीवर, दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन, अगदी शांत. मग मी तिला पाच शब्द नीट करून दाखवले. एकदाही मध्ये बोलली नाही."

मी जुईकडे पाहिलं. ती वरणभात कालवत होती. मी तिला विचारलं, आजोबांकडे शिकलीस? तिनं मान हलवली, हो म्हणून. मी नानांना म्हटलं, "चला, गंगेत घोडं न्हालं." खरंच तसं म्हटलं मी. आठवलं की तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

त्यानंतर जुई त्यांच्या टेबलापाशी जाईनाशी झाली. मला वाटलं, मोठी होतेय. शाळेत जाताना पोट दुखतं म्हणायची. मला वाटलं, नाटकं करतेय. चार महिन्यांनी मंडईत शोभाताईंनी मिरच्या तोलता तोलता विचारलं, "ताई, तुमच्या जुईला बी बाई हातावर बसवत्यात का वो?" मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. त्या शाळेत नव्या बाई आल्या होत्या. पोरांनी ओठ वाचावेत, तोंडानं बोलावं, हात हलवू नयेत, असं त्यांचं म्हणणं. ज्याचे हात हलतील त्यानं तासभर आपल्याच हातांवर बसायचं. सागरची बोटं घरी येईस्तोवर बधिर झालेली असायची. "हातावर बसवलं म्हंजे तोंड बांधलंच की पोराचं," शोभाताई म्हणाल्या.

मी भाजी तिथेच टाकून घरी आले. जुईला समोर बसवलं आणि विचारलं, बाई तुला हातांवर बसवतात? हो. रोज? हो. मला का नाही सांगितलंस? तिनं माझ्याकडे जरा नवलानंच पाहिलं. मग म्हणाली, "आजोबांना सांगितलं होतं."

आता नीट समजावून सांगायची गरज नाही, पण तरी सांगते, कारण ते सांगताना मला अजून राग येतो आणि तो येऊ द्यायचा आहे. ती त्या दिवशी शाळेतून आली ती हेच सांगायला आली होती. आई घरी नव्हती, हातांची पुस्तकं वाचणारा आजोबा होता. तिनं तीनदा सुरुवात केली आणि तीनदा त्यानं तिचं मनगट धरलं. मग तिनं शाळेत काय होतं ते करून दाखवलं. जमिनीवर बसली, हात मांड्यांखाली घेतले. आमच्या नानांना तो शहाणपणा वाटला, आणि त्यांनी त्या बसलेल्या पोरीला पाच शब्द शिकवले.

मी बाहेरच्या खोलीत गेले आणि सगळं बोलले. नाना ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "पण तिनं 'शाळा' चुकीचं केलं होतं." त्यावर माझा तोल गेला. "काहून बाप्पा, पोरगी दिसत नाही का तुम्हाले? पुस्तकच दिसते? पोरीनं हात जोडून सांगतलं असतं तरी तुम्ही तिचे हातच सरळ केले असते." शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला, मंदार मला आत ओढायला लागला. तो दिवस मी त्यांना माफ केलेला नाही. प्रयत्न करते अधूनमधून, होत नाही.

शाळा त्याच आठवड्यात सोडली. खुणांनी शिकवणारी एक शाळा नगर रस्त्याच्या बाजूला होती, म्हणून आम्ही वाघोलीला फ्लॅट घेतला. चला म्हटलं तर नाना आले नाहीत. "माझं सगळं सामान इथं आहे," म्हणाले. सामान म्हणजे तोवर अकरा कोर्स, सहा तक्ते आणि पत्रांची फाइल. मी फार आग्रह केला नाही, हेही खरं. दर रविवारी मंदार जाऊन यायचा, महिन्यातून एकदा आम्ही सगळे जायचो. जुई आजोबांच्या पाया पडायची, डाळिंब खायची, आणि निघेपर्यंत हात खिशात ठेवायची. बाहेर पडून बसमध्ये चढली की तिचे हात सुटायचे, ते घर येईपर्यंत थांबायचे नाहीत.

तिला मोबाइल मिळाल्यावर नानांना ती मेसेज करू लागली. लिहायची ती तिच्या पद्धतीनं. 'आजोबा मी रविवार नाही परीक्षा अभ्यास.' नाना तो मेसेज दुरुस्त करून, स्वल्पविराम घालून परत पाठवायचे आणि खाली लिहायचे, 'अनेक आशीर्वाद.' मी त्यांना फोन केला, म्हटलं, "नाना, असं करू नका." ते म्हणाले, "अगं, तिच्याच भल्यासाठी ना? दुसरं कोण सांगणार तिला?" काही दिवसांनी जुई नुसती फुलांची चित्रं पाठवायला लागली. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, त्यांचा फोन आला. ब्याऐंशी वर्षांचे होते. "ठरला," म्हणाले. मी विचारलं, "काय ठरलं?" "ठरला. कोर्स. तीस पाठांचा आहे, मोबाइलवर दिसतो. बहिऱ्या मंडळींनीच केलाय, त्यामुळे आधार पक्का आहे. सुरू केलाय मी." बाराव्या वर्षी त्यांनी पहिला पाठ उघडला होता. त्यांच्या शेजारच्या काकू मला सांगायच्या, की तुमचे सासरे सकाळी कपाटाच्या आरशासमोर उभे राहून हातवारे करतात, डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, "करू द्या त्यांना." मला थोडी आशा वाटायला लागली होती, खोटं कशाला बोलू.

संक्रांत झाल्यावर एका रविवारी ते न कळवता वाघोलीला आले. रिक्षानं, एवढ्या लांब, इस्त्रीचा सदरा घालून. जुई मैत्रिणींबरोबर सिनेमाला निघाली होती. त्यांनी तिला सोफ्यावर बसायला सांगितलं आणि स्वतः समोरच्या खुर्चीत अगदी टोकावर बसले. चष्मा सारखा केला. मग हात वर घेतले. प्रत्येक खूण स्वच्छ होती. त्यांनी केलेलं वाक्य मला एकूण एक कळलं. 'त्या दिवशी तू मला सांगत होतीस. मी ऐकलं नाही. माझं चुकलं.'

ज्या माणसानं आयुष्यात 'माझं चुकलं' हे तोंडानं कधी म्हटलं नाही, तो ते हातांनी म्हणत होता. जुई त्यांच्याकडे एकटक पाहत होती. मग तिनं मान हलवली. कळलं नाही. नानांनी पुन्हा केलं, अधिक सावकाश. तिनं पुन्हा मान हलवली. त्यांनी तिसऱ्यांदा केलं, ह्या वेळी ओठही हलवले. मी पुढे होऊन सांगणार होते, तेवढ्यात जुईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी जागच्या जागी थांबले. तिसऱ्यांदाही तिनं मान हलवली, वाकून आजोबांच्या पाया पडली, बूट घातले आणि गेली.

नानांनी हात मांडीवर ठेवले. मी पाणी आणलं. ते म्हणाले, "म्हणजे हाही कोर्स चुकीचाच निघाला." आणि शपथेवर सांगते, त्यांच्या आवाजात हायसं वाटल्यासारखं काहीतरी होतं. "मला सतराव्या पाठाची शंका होतीच. कोल्हापूरकडच्या खुणा घुसडल्यात त्यात. बघतो दुसरा." त्यांनी खिशातून पेन्सिल काढून एका जुन्या पावतीमागे काहीतरी टिपून घेतलं. मी त्यांना खाली सोडायला गेले. रिक्षात बसताना म्हणाले, "पोरगी उंच झाली."

संध्याकाळी जुई आली तेव्हा मी तिला विचारलं, खरंच कळलं नव्हतं? ती ओढणीची घडी घालत होती. ती ठेवून म्हणाली, "कळलं. पहिल्याच वेळी." मग का असं केलंस? तिनं खांदे उडवले. "मी पण तीनदा सांगितलं होतं." एवढं म्हणून ती मला सिनेमाची गोष्ट सांगायला लागली. मी तिला रागावले नाही. रागावायचा अधिकार आपल्याला आहे, असं मला वाटलंच नाही.

पुढचे आठ महिने नाना फोनवर नव्या कोर्सांबद्दल बोलत राहिले. कोलकात्याच्या एकाची चौकशी केली होती, चेन्नईचा एक बरा वाटत होता. "जुईला विचारून ठेव, तिला कोणत्या पद्धतीचं कळतं," असं प्रत्येक फोनला सांगायचे. मी म्हणायचे, "विचारते." विचारलं कधीच नाही.

पावसाळ्याच्या शेवटी त्यांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात ठेवलं, नाकात नळी होती, पण शुद्ध होती. एका दुपारी मंदार औषधं आणायला खाली गेला होता, मी एकटीच त्यांच्यापाशी होते. त्यांनी डोळे उघडले आणि अगदी कामाचं विचारावं तसं विचारलं, "रूपाली, कोणता घ्यायला हवा होता?"

मी म्हटलं, "कोणताही, नाना."

ते म्हणाले, "चुकीचं शिकलो असतो."

"हो. पण तिच्याशी बोलला असता."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. त्यानंतर ते दोन दिवस होते, पाणी मागितलं, मंदारला किल्ल्या कुठे आहेत ते सांगितलं, मला काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे गेले.

तुमचं वाक्य बरोबर होतं, तिला ते पहिल्याच वेळी कळलं होतं, हे त्या दुपारी माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते बोलले नाही. मुलीचं गुपित राखायचं होतं म्हणून बोलले नाही, असं मी मंदारला सांगते, आणि त्याला ते पटतं. खरं तसं काही नव्हतं. मला त्यांना ते द्यायचं नव्हतं.